पित्ताच्या नावाखाली

मराठी माणसाला दारूची गोष्ट ठाऊक झाली ती रंगभूमीवरून. राम गणेश गडकरी यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं आणि सुधाकराच्या हातातल्या पेल्यानं सिंधूच्या संसाराचं काय केलं हे घरोघरी पोचलं. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायांनी, रेटा लावून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. या सगळ्या वाटचालीत दारूविषयी मराठीत पुष्कळ बोललं आणि लिहिलं गेलं. त्यात घर आहे, पैसा आहे, मारहाण आहे, व्यसनी माणसाचं मन आहे. शरीर मात्र येतं ते शेवटच्या अंकात. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं, डॉक्टरांनी हात टेकले.

त्या अंकाआधी दहा-वीस वर्षं गेलेली असतात. त्या वर्षांत हा माणूस दारुडा म्हणून ओळखला जात नाही. तो कामावर जातो, कर्जाचे हप्ते भरतो, मुलांच्या शाळेतल्या पालकसभेला हजर असतो. पण सकाळी दात घासताना त्याला उमासे येतात. छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं, नाश्ता नकोसा होतो, आठवड्यातून दोनदा पोट बिघडतं. तो औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीची गोळी आणतो. अगदीच सहन होईना, तर जवळच्या दवाखान्यात जाऊन सांगतो, “डॉक्टर, पित्ताचा फार त्रास होतोय.” डॉक्टर तिखटाची, चहाची, जागरणाची चौकशी करतात. दारूचा प्रश्न बहुधा राहून जातो. कधी प्रश्न विचारला जातो, पण बायको शेजारी बसलेली असते म्हणून उत्तर राहून जातं.

हे पुस्तक त्या माणसाविषयी आहे, आणि त्याच्यासाठी आहे. दारूनं होणाऱ्या नुकसानाच्या पहिल्या खुणा अनेकदा पोटात उमटतात, पण त्या पित्ताच्या नावाखाली दडपल्या जातात, हे या पुस्तकाचं मुख्य म्हणणं. ज्या काळात हे नुकसान बहुतांशी भरून येण्यासारखं असतं, नेमका तोच काळ गोळ्या खाण्यात निघून जातो.

विषयाचा आवाका आधी पाहू. पोट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जठर येतं. दारूचा प्रवास मात्र तोंडापासून सुरू होऊन अन्ननलिका, जठर, लहान आतडं आणि मोठं आतडं असा चालतो, आणि यकृत नि स्वादुपिंड हे शेजारी त्यात आपोआप ओढले जातात. या प्रत्येक मुक्कामावर दारू वेगळ्या रीतीनं त्रास देते, म्हणून तक्रारीही वेगवेगळ्या दिसतात. रोग्याला त्या सुट्या वाटतात. त्यांचं मूळ एकच असू शकतं, हे लक्षात यायला सगळा रस्ता एकत्र पाहावा लागतो.

जठरापासून सुरुवात करू. दारूतल्या अल्कोहोलला पचनाची गरज नसते. त्याचा रेणू लहान असतो, पाण्यात सहज मिसळतो आणि जठराच्या अस्तरातून थेट रक्तात उतरतो. साधारण पाचवा हिस्सा जठरातून आणि उरलेला लहान आतड्यातून शोषला जातो. पोटात अन्न असेल तर जठर सावकाश रिकामं होतं आणि दारूही रक्तात सावकाश चढते. रिकाम्या पोटी घेतलेली दारू लवकर चढते ती यामुळे. जठरात अन्न पचवणारं तीव्र आम्ल असतं. ते जठरालाच पोळत नाही, कारण आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर आणि घट्ट जुळलेल्या पेशींचं कुंपण असतं. कडक दारू या कुंपणाला भगदाडं पाडते. मग आम्ल उलटं अस्तरात झिरपतं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि अस्तरावर लाल ठिपके किंवा पट्टे दिसू लागतात. सोडा-पाणी न घालता तशीच घेणाऱ्याच्या जठरात हा मारा सर्वांत तीव्र असतो.

दारूच्या प्रकारानुसार त्रासाचा प्रकार बदलतो, हेही फार कमी लोकांना माहीत असतं. जर्मनीत मानफ्रेड झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत केलेल्या प्रयोगांत बियर आणि वाइन यांनी जठरातलं आम्ल जोरात वाढलं. व्हिस्की, जिन, कोन्याक या गाळलेल्या दारूंनी तसं घडलं नाही. आंबवण्याच्या क्रियेत तयार होणारी काही आम्लं याला कारणीभूत असल्याचं त्यांनी पुढे दाखवलं. म्हणजे बियरवाल्याची जळजळ वाढलेल्या आम्लाची असू शकते आणि व्हिस्कीवाल्याची जळजळ पोळलेल्या अस्तराची. दोघं एकच गोळी घेतात आणि दोघंही म्हणतात, पित्त झालंय.

जठराच्या वरच्या तोंडाशी एक झडपेसारखा स्नायू असतो. दारूनं तो सैलावतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत येतं. रात्री उशिरा पिऊन, जेवून लगेच आडवं होणाऱ्याला हा त्रास हमखास होतो. खाली लहान आतड्यात दारू पाणी आणि अन्नघटकांचं शोषण बिघडवते, दूध पचवणारं एन्झाइम कमी करते, आतड्याच्या हालचालींची लय बदलते. दुसऱ्या दिवशीची पातळ शी ही त्याची खूण. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ आणि फोलेट यांचं शोषणही घटतं. खाणं पुरेसं असूनही माणूस आतून कुपोषित होऊ लागतो.

पोटाच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर, स्वादुपिंड असतं. त्याला सूज आली की वरच्या पोटात असह्य दुखतं, कळ थेट पाठीत जाते, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. हे दुखणं ज्यानं एकदा अनुभवलं त्याला पित्त आणि स्वादुपिंड यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही. यकृताचं तसं नाही. ते दुखत नाही. त्यात चरबी साचते, सूज येते, पुढे चट्टे पडून ते आकसतं, आणि या सगळ्या वाटेवर रोग्याला जाणवतं ते फार तर भूक मंदावणं आणि पोट जड वाटणं. यकृत आकसलं की आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. त्या दाबानं अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्यांतली एखादी फुटली की रक्ताची उलटी होते. अनेक कुटुंबांना आजाराचा पत्ता लागतो तो त्या दिवशी.

हे ज्ञान एका दिवसात आलेलं नाही. त्याचा इतिहास लांबलचक आहे आणि त्यात परस्परांशी भांडणारे विचारप्रवाह आहेत.

भारतीय वैद्यकानं हा विषय फार लवकर हाताळला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे मद्यपानातून होणाऱ्या विकारावर, स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मद्यपानातून होणाऱ्या विकारांचे पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे चार प्रकार केले आहेत. त्यांतलं पानाजीर्ण म्हणजे थेट आपला विषय. पोट फुगणं, ओकारी, तोंडाला आंबट चव आणि जळजळ ही त्याची लक्षणं आजच्या दवाखान्यातल्या तक्रारीशी ओळीनं जुळतात. या परंपरेनं मद्य सरसकट निषिद्ध ठरवलं नाही. ऋतू, प्रकृती, आहार आणि मात्रा पाहून घेतलं तर हितकर, एरवी विषासारखं, अशी तिची मांडणी होती. मात्रेचा विचार आणि सोबतच्या अन्नाचा विचार ही तिची देणगी. पण अस्तरावर आत काय घडतं हे पाहण्याचं साधन तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

युरोप-अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस हा विषय नीतीकडून वैद्यकाकडे सरकू लागला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी कडक दारूच्या परिणामांवर एक पुस्तिका लिहिली. भूक मरणं, पोटात मळमळणं, पित्ताच्या उलट्या, कावीळ, जलोदर अशी यादी त्यांनी दिली. ती बाहेरून पाहिलेल्या लक्षणांची यादी होती.

आत डोकावण्याची संधी एका अपघातानं दिली. जून १८२२मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, फरच्या व्यापारी कंपनीत काम करणाऱ्या अलेक्सी सँ-मार्तँ या तरुणाला जवळून बंदुकीचा छर्रा लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण पोटावरची जखम पूर्ण मिटली नाही. जठरात उघडणारं एक भोक कायमचं राहिलं. बोमाँट यांनी पुढे कित्येक वर्षं त्या भोकातून पचनाचं निरीक्षण केलं आणि १८३३ साली ते प्रसिद्ध केलं. त्यात एक नोंद या पुस्तकाच्या दृष्टीनं मोलाची आहे. सँ-मार्तँ काही दिवस सलग कडक दारू पीत होता, तेव्हा त्याच्या जठराचं अस्तर लालभडक झालेलं आणि जागोजागी सोललेलं दिसलं. त्याची स्वतःची मात्र काहीच तक्रार नव्हती. जठराचं नुकसान आणि जठराची तक्रार या दोन गोष्टी बरोबरीनं चालतातच असं नाही, हे तेव्हाच दिसून आलं होतं. आजही ‘मला काही त्रास होत नाही’ हा पिणाऱ्याचा सर्वांत मोठा दिलासा असतो. त्याचं उत्तर बोमाँट यांच्या वहीत आहे.

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनाचा प्रवाह जोरात आला. इंग्लंडमध्ये मॅथ्यू बेली यांनी १७९३च्या ग्रंथात गाठाळ, कठीण झालेल्या यकृताचा संबंध मद्यपानाशी जोडला होता. फ्रान्सच्या रने लेनेक यांनी १८१९ साली त्याला सिऱ्होसिस हे नाव दिलं. जर्मनीत निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८७८ साली पिणाऱ्यांच्या स्वादुपिंडाकडे लक्ष वेधलं. १९२९ साली बॉस्टनमध्ये केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस यांनी दारू पिऊन जोरजोरात ओकणाऱ्या रोग्यांचं वर्णन केलं. त्यांची अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे चीर जाऊन रक्त येत होतं. ही चीर आजही त्या दोघांच्या नावानं ओळखली जाते.

याच काळातली आणखी एक घटना पोट आणि मेंदू यांना जोडते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली तीन रोग्यांच्या मेंदूविकाराचं वर्णन केलं. त्यांतले दोन पुरुष दारूच्या आहारी गेलेले होते. तिसरी रुग्ण शिवणकाम करणारी एक बाई होती. तिनं गंधकाम्ल प्यायलं होतं आणि पोळलेल्या जठरामुळे तिला सतत उलट्या होत होत्या. तिघांत समान काय, हे पुढे थायमिनचा शोध लागल्यावर कळलं. ज्या पोटात अन्न टिकत नाही, त्याची किंमत मेंदू मोजतो. दीर्घकाळ पिणारा रोगी उलट्या घेऊन आला की अनुभवी डॉक्टर ग्लुकोजच्या आधी थायमिन देतात. त्यामागे हा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यात मोठा वाद झाला तो कुपोषणाचा की विषाचा. इन्शुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट यांनी १९४९ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की यकृत बिघडतं ते आहारातल्या उणिवेमुळे. दारू स्वतः यकृताला विषारी नाही. हे मत बराच काळ टिकलं. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लीबर यांनी स्वयंसेवकांना उत्तम आहारासोबत दारू देऊन यकृतात चरबी साचते हे दाखवलं आणि पुढे १९७०च्या दशकात बबून माकडांमध्ये चांगल्या आहारावरही सिऱ्होसिस होतो हे सिद्ध केलं. ‘खाऊन पिऊन असलं की काही होत नाही’ ही आपल्याकडची ठाम समजूत त्या जुन्या मताचीच सावली आहे. चांगल्या खाण्यानं दारू चढायला वेळ लागतो, कुपोषणही टळतं, पण यकृत वाचत नाही.

त्याच सुमारास जठराच्या अभ्यासानंही वळण घेतलं. बासिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली लवचीक फायबर ऑप्टिक दुर्बीण वापरात आणली आणि जिवंत माणसाच्या जठरात सहज पाहता येऊ लागलं. होरेस डेव्हनपोर्ट यांनी १९६०च्या दशकात जठराच्या संरक्षक कुंपणाची कल्पना मांडली. ॲस्पिरिन आणि अल्कोहोल ते कुंपण कसं मोडतात आणि दोन्ही एकत्र आली की नुकसान कसं वाढतं हे त्यातून उलगडलं.

मग आला जंतूचा शोध. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः प्यायला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तोवर अल्सरचं खापर ताण, तिखट आणि दारू यांच्यावर फुटत असे. आता स्पष्ट झालं की जुनाट अल्सरची मुख्य कारणं हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या ही आहेत. दारू पिणाऱ्यांच्या जठरात दिसणारी जुनी सूजही पुष्कळदा जंतूचीच निघाली. दारूची स्वतःची खूण म्हणजे अस्तराखालचा रक्तस्राव आणि पाणी धरणं. त्यात दाहक पेशी फारशा नसतात. हा शोध काहींनी दारूला निर्दोष ठरवण्यासाठी वापरला. खरं तर त्यानं निदान नेमकं केलं. पिणाऱ्याच्या पोटात एकाच वेळी दोन-तीन कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

सध्याचा सर्वांत गजबजलेला प्रवाह आतडं आणि यकृत यांच्या नात्याचा आहे. जर्मनीतल्या क्रिस्टियाने आणि क्रिश्चन बोडे या दांपत्यानं १९८०च्या दशकात दाखवलं, की दारूमुळे आतड्याची भिंत सच्छिद्र होते आणि जंतूंचे विषारी अंश रक्तावाटे थेट यकृतात पोचतात. म्हणजे यकृतावर दारूचा मारा तर होतोच, शिवाय आतड्यातून गळणाऱ्या विषाचाही होतो. आतड्यातल्या जंतूंच्या वस्तीवरचं आजचं संशोधन याच धाग्यावर पुढे गेलं आहे.

या सर्वांच्या जोडीला सार्वजनिक आरोग्याचा प्रवाह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का मानला जातो. जानेवारी २०२३मध्ये याच संघटनेनं जाहीर केलं, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी दारूची मात्रा सांगता येत नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात २६ लाख मृत्यूंमागे दारू होती, असा संघटनेचा अंदाज आहे.

आपल्याकडे हा विषय आत्ता का हाताळायचा? दिल्लीच्या एम्सनं २०१९ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. त्यांतल्या ५.७ कोटींचं पिणं मदत लागावी इतपत बिघडलेलं आहे. उरलेले दहा कोटींहून अधिक लोक कोणत्याच व्यसनमुक्ती केंद्रात दिसणार नाहीत. ते दिसतील ते औषधाच्या दुकानात, ॲसिडिटीच्या गोळ्यांसाठी.

त्यांच्या पिण्याचा हिशोबही पुष्कळदा चुकलेला असतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलिलिटरच्या एका पेगात शुद्ध अल्कोहोल येतं सुमारे १० ग्रॅम. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलिलिटरची एक बाटली ४० ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे चार पेगांची बरोबरी करते. ‘मी हार्ड घेत नाही, फक्त बियर’ असं सांगणारा दोन बाटल्यांत क्वार्टरच्या पुढे गेलेला असतो. यकृत तासाला जेमतेम एका पेगाएवढी दारू निकाली काढतं. उरलेली रक्तात फिरत राहते.

पिण्याची पद्धतही पोटावर उठणारी आहे. कामावरून सुटल्यावर रिकाम्या पोटी, घरी जायच्या आत, घाईघाईनं दोन-तीन पेग. सोबत खारे शेंगदाणे आणि तळलेला, झणझणीत चखणा. जेवण रात्री अकराला, किंवा नाहीच. सकाळी डोकं ठणकतं म्हणून वेदनाशामक गोळी, तीही पोळलेल्या अस्तरावर. जळजळीसाठी आम्ल कमी करणारी गोळी. जळजळ थांबली की संध्याकाळी पुन्हा बसायला माणूस मोकळा. या औषधांनी अनेकांचं भलं केलं आहे. पण पिणं तसंच ठेवून महिनोन्‌महिने घेतलेली गोळी फक्त तक्रार बंद करते. यकृत आणि स्वादुपिंड यांना तिचा काहीही उपयोग नसतो.

स्त्रियांचा विचार वेगळा करावा लागतो. जठराच्या अस्तरातलं एक एन्झाइम दारूचा काही भाग रक्तात जाण्याआधीच मोडतं. १९९० साली इटली आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं, की स्त्रियांमध्ये त्याचं काम कमी असतं. शरीरातलं पाण्याचं प्रमाणही कमी असल्यानं तेवढ्याच पेगांत त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते. शहरांतल्या तरुण मुली मित्रांच्या बरोबरीनं पिऊ लागल्या आहेत. त्यांना रागावण्यापेक्षा ही माहिती देणं अधिक गरजेचं आहे.

दुसऱ्या टोकाला हातभट्टी आहे. जून २०१५मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं दगावली. मिथेनॉलची विषबाधा बऱ्याचदा पोटदुखी आणि उलट्यांनी सुरू होते, तीही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. घरच्यांना वाटतं, नेहमीचीच उतरते आहे. डोळ्यांपुढे धूसर होऊ लागेपर्यंत उपचाराचा मोलाचा वेळ गेलेला असतो. ‘पित्त झालंय, झोपू दे’ हे वाक्य इथे जीव घेतं.

आशेला जागा आहे, आणि तिला भक्कम आधार आहे. जठराच्या अस्तरावरच्या पेशी काही दिवसांत नव्यानं तयार होतात. दारू थांबली की पोळलेलं अस्तर बहुधा लवकर भरून येतं. यकृतातली चरबी काही आठवड्यांत उतरू शकते. वेळेत मदत मिळाली तर माणसंही बदलतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेनं केलेला आणि २०१७ साली लॅन्सेटमध्ये छापलेला अभ्यास याचा पुरावा आहे. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी काही बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. फेणी आणि उर्राक जिथल्या संस्कृतीचा भाग आहेत, तिथे हे साध्य झालं.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत संग्रहाचा प्रयत्न तिहेरी आहे. पोटविकार, यकृत, आहार आणि व्यसनोपचार या क्षेत्रांतले लोक एरवी आपापल्या खोलीत बसून एकाच रोग्याला तपासतात. इथे त्यांचं लेखन एकत्र आलं आहे आणि त्यामुळे पचनमार्गाची सलग कथा तयार होते. दुसरं म्हणजे, हे लेखन उपदेश टाळतं. पिणाऱ्याला चारित्र्याचं प्रमाणपत्र देणं हे पोटाच्या डॉक्टरचं काम नाही. त्याला त्याच्या शरीराची खरी स्थिती कळणं हा त्याचा हक्क आहे, या भूमिकेतून ते केलेलं आहे. तिसरं म्हणजे, ज्या मुद्द्यांवर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत. अगदी थोड्या पिण्याचा जठराच्या कर्करोगाशी कितपत संबंध आहे, आतड्यातले जंतू बदलून यकृत सुधारतं का, हे असे मुद्दे.

वाचकाला यातून लगेच उपयोगी पडेल ती धोक्याच्या खुणांची ओळख. डांबरासारखी काळी शी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पाठीत जाणारी वरच्या पोटातली तीव्र कळ, घास अडकणं, अकारण वजन घटणं, डोळ्यांत पिवळेपणा, फुगत जाणारं पोट. यांतलं एकही पित्त नाही आणि यांतल्या एकासाठीही घरी वाट पाहायची नाही. सामान्य डॉक्टरांसाठीही एक साधी विनंती या पानांमधून पुन्हा पुन्हा येते. जळजळीच्या प्रत्येक रोग्याला, शक्यतो एकांतात, किती आणि कशी घेता हे विचारा, आणि उत्तर पेगांत मोजून लिहून ठेवा.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक सूचना. वर सांगितलेले सकाळचे उमासे कधी कधी जठराचे नसतात. रोज भरपूर पिणाऱ्याच्या शरीरातून रात्रीतून दारू उतरली की मळमळ, घाम आणि हातांची थरथर सुरू होते, आणि एक घोट घेतला की ती थांबते. ही शरीर दारूवर अवलंबून झाल्याची खूण आहे. अशा माणसानं पुस्तक वाचून जोशात एका रात्रीत सगळं बंद केलं, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. त्यानं आधी डॉक्टरांना किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राला गाठावं. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी त्यासाठी उपलब्ध आहे. सोडण्याचं औषध, थायमिनची इंजेक्शनं आणि पोटाचा इलाज एकाच वेळी सुरू करता येतो, आणि तो कसा करायचा हे पुढच्या पानांमध्ये रोग्याला आणि घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं आहे.